मिरची घेण्याआधी दोन भावांचा तक्ता

आज रेडिओजवळ बसताना वही आणि पेन्सिल सोबत घ्या. पोळ्या लाटत ऐकत असाल तरी चालेल, फक्त घरातल्या शाळेत जाणाऱ्या मुलीला जवळ बसवा आणि तिला आकडे उतरवून घ्यायला सांगा. आज आपण तिखटाचा हिशेब करणार आहोत.

आम्ही ग्रामसंघातल्या गटांची पुस्तकं लिहिणाऱ्या बाया. दर उन्हाळ्याच्या तोंडाशी आमच्याकडे एकच प्रश्न येतो. मिरचीचा भाव चढतोय, आत्ताच सगळी घेऊन टाकायची का? कुणी म्हणते गुंटूरला भाव वाढलाय, कुणाचा भाऊ नंदुरबारच्या बाजारात जाऊन आलेला असतो, कुणाला ब्याडगीचीच पाहिजे असते. बैठकीत आवाज चढतात. मग गटाच्या पैशाची पिशवी घेऊन एक जण बाजारात जाते, भाव ठरवून मिरची घेते, आणि पुढे तिखट खपलं नाही तर वर्षभर बोलणी खाते. ज्या बाईवर गटाने विश्वास टाकला, तिच्यावरच खापर फुटतं. आमच्या मते या भांडणाचं मूळ एवढंच की बाजारात जायच्या आधी कुणी कागदावर मांडलेलं नसतं, की भाव इतका झाला तर काय आणि तितका झाला तर काय.

ते मांडायची एक रीत आहे. तिला इंग्रजीत भलंमोठं नाव आहे, मराठी पुस्तकात ‘संवेदनशीलता विश्लेषण’ म्हणतात. आम्ही आपापसात म्हणतो, ‘हललं तर काय?’चा हिशेब.

आता उदाहरण घेऊ. आकडे आम्ही समजायला सोपे धरलेत, तुमच्या गावचे वेगळे असतील. तुमच्या पावत्या काढा आणि तुमचे घाला.

समजा गटाला या हंगामात ३०० किलो तिखट करायचं आहे. सुकी मिरची हमाली, तोलाई, बारदान धरून २०० रुपये किलोने घरात येते. देठ खुडले, ऊन दाखवलं, कांडताना थोडी उडाली, म्हणून एक किलो तिखटाला १.२ किलो मिरची धरू. म्हणजे किलोभर तिखटात २४० रुपयांची मिरची गेली. कांडणावळ २५ रुपये. मीठ, तेलाचा हात, पिशवी, लेबल मिळून १५. आणि देठ खुडणे, वाळवणे, चाळणे, भरणे याची मजुरी ३० रुपये. एकूण झाले ३१०. याशिवाय हंगामाचा ठरलेला खर्च ९,००० रुपये. त्यात गाडीभाडं, आठवडी बाजारातली आणि जत्रेतली जागा, आणि कर्जाचं व्याज आलं. विकायचा दर ३८० रुपये किलो.

किलोमागे उरले ७०. तीनशे किलोचे २१,०००. त्यातून ९,००० वजा. नफा १२,००० रुपये.

इथे जरा थांबतो. मजुरीचे ३० रुपये पुष्कळ गट धरतच नाहीत. ‘आपल्याच बाया, आपलंच घर, त्याचे कसले पैसे’ असं म्हणतात. धरले नाहीत तर नफा २१,००० दिसतो, आणि बैठकीत टाळ्या पडतात. पण त्यातले ९,००० हे बायांच्या घामाचे आहेत, धंद्याने कमावलेले नाहीत. भर उन्हात देठ खुडून ज्यांच्या बोटांची आग झाली, त्यांची मजुरी हिशेबात नसेल तर तोट्यातला धंदासुद्धा नफ्याचा वाटतो. आम्ही पुस्तकं तपासायला बसतो तेव्हा आधी हा आकडा शोधतो.

तर नफा १२,०००. पण हा झाला एकाच भावाचा नफा. आजचा भाव उद्या राहील याची हमी कोण देणार?

म्हणून पहिलं काम असं करायचं. हिशेबातला एकेक आकडा दहा टक्क्यांनी आपल्याविरुद्ध हलवायचा आणि नफा किती खाली येतो ते पाहायचं. एका वेळी एकच आकडा, बाकी सगळे जागेवर. कांडणावळ २५ ची साडेसत्तावीस झाली, नफा ७५० रुपयांनी घटला. पिशवी-लेबल महागलं, ४५० ने घटला. मजुरी वाढली, ९०० ने. ठरलेला खर्च वाढला, तोही ९०० ने. तीनशेऐवजी २७० किलोच केलं आणि विकलं, तर २,१०० ने. मिरची २०० ची २२० झाली, तर नफा ७,२०० ने घटतो, १२,००० चे ४,८०० राहतात. आणि विक्रीदर ३८० चा ३४२ झाला, तर ११,४०० ने घटतो. हातात उरतात ६०० रुपये.

पाहिलंत? पिशवी चार आण्यांनी स्वस्त मिळावी म्हणून आपण तीन दुकानं फिरतो, आणि जत्रेत गिऱ्हाइकाने ‘ताई, थोडं कमी करा’ म्हटलं की एका शब्दात २० रुपये सोडतो. घासाघीस करायची जागा कोणती, हे या साध्या यादीने कळतं.

यादीतले सगळ्यात जड दोन आकडे निघाले. मिरचीचा भाव, जो आपल्या हातात नाही. आणि विक्रीचा दर, जो थोडाफार आपल्या हातात आहे. हे दोन्ही एकदम हलले तर? मिरची महागली आणि आपणही दर वाढवला, तर? त्यासाठी दोन बाजूंचा तक्ता लागतो. आता वही उघडा.

पानावर वरच्या आडव्या ओळीत विक्रीचे दर लिहा. ३४०, ३६०, ३८०, ४००, ४२०. डाव्या बाजूला खाली उतरत मिरचीचे भाव लिहा. १६०, १८०, २००, २२०, २४०, २६०. मध्ये घरं आखा. प्रत्येक घरात त्या दोन भावांचा मिळून नफा येणार. मिरची २०० आणि विक्री ३८० जिथे भेटतात, तिथे १२,००० लिहा.

बाकीची घरं भरायला सोपी युक्ती आहे. एक घर उजवीकडे गेलं की दर २० रुपयांनी वाढला, तीनशे किलोचे ६,००० मिळवा. डावीकडे गेलं की ६,००० वजा. एक घर खाली उतरलं की मिरची २० रुपयांनी महागली. पण इथे २० धरायचे नाहीत बरं का. किलोभर तिखटाला १.२ किलो मिरची लागते, म्हणून फरक पडतो २४ रुपयांचा. तीनशे किलोचे ७,२०० वजा करा. वर चढलं की ७,२०० मिळवा. दहा मिनिटांत पान भरतं. रेडिओवर आम्ही एकेक ओळ वाचून दाखवली होती, इथे ताळा करायला पूर्ण तक्ता छापला आहे.

| मिरची ↓ / विक्री → | ३४० | ३६० | ३८० | ४०० | ४२० |
|---|---|---|---|---|---|
| १६० | १४,४०० | २०,४०० | २६,४०० | ३२,४०० | ३८,४०० |
| १८० | ७,२०० | १३,२०० | १९,२०० | २५,२०० | ३१,२०० |
| २०० | ० | ६,००० | १२,००० | १८,००० | २४,००० |
| २२० | −७,२०० | −१,२०० | ४,८०० | १०,८०० | १६,८०० |
| २४० | −१४,४०० | −८,४०० | −२,४०० | ३,६०० | ९,६०० |
| २६० | −२१,६०० | −१५,६०० | −९,६०० | −३,६०० | २,४०० |

आता लाल पेन्सिल घ्या आणि जिथे उणे आलंय ती घरं रंगवा. डाव्या खालच्या कोपऱ्यातून एक लाल जिना वर चढताना दिसेल. जिन्याच्या एका अंगाला नफा, दुसऱ्या अंगाला तोटा. आपण आज १२,००० च्या घरात उभ्या आहोत. मिरची दोन पायऱ्या महागली आणि आपण दर तोच ठेवला, की पाय लाल घरात पडतो.

अजून एक गंमत बघा. २०० आणि ३८० च्या घरातून तिरकं खाली उतरा. २२० आणि ४००, मग २४० आणि ४२०. आकडे १२,०००, १०,८००, ९,६००. मिरची वीसने महागली म्हणून आपणही वीसने दर वाढवला, तरी प्रत्येक पायरीला १,२०० रुपये जातातच. कारण तेच, १.२ किलो. ‘जेवढी महागाई तेवढी वाढ’ असं करणाऱ्या गटाला वर्षअखेरीला कळत नाही पैसा कुठे गळतो. तो देठात आणि घटीत गळतो.

आमच्याकडच्या एका गटाने हा तक्ता बाजाराच्या आदल्या रात्री करून पाहिला. त्यांना ३६० किलो मिरची लागणार होती, दोनशेच्या भावाने ७२,००० रुपयांची. त्यातले ३२,००० बचतीचे, आणि ४०,००० कर्जाचे. बचत म्हणजे कुणाच्या शेळीचे पैसे, कुणी भाजीतून काढलेले, एकीने तर मुलीच्या बाळंतपणासाठी ठेवलेले. बैठकीत दोन तट पडले. एक म्हणे काहीही भाव असो, घ्याच, पुढे आणखी चढेल. दुसरा म्हणे यंदा नकोच. तक्ता मध्ये ठेवल्यावर बोलण्याचा सूर बदलला. गिऱ्हाईक ४०० च्या वर देणार नाही यावर सगळ्यांचं एकमत होतं. मग फक्त ४०० चा उभा रकाना वाचायचा. २४० ला ३,६०० नफा, २६० ला तेवढाच तोटा, म्हणजे बरोबर मध्ये २५० ला शून्य. शून्यासाठी एवढी उरस्फोड कोण करणार? त्यांनी ठराव लिहिला. २३० पर्यंत भाव असेल तर सगळी मिरची घ्यायची, त्याच्या वर गेला तर बाजारातून फोन करायचा, २५० ला हात लावायचा नाही. बाजारात जाणाऱ्या वहिनींनी ठरावाची चिठ्ठी बटव्यात ठेवली.

त्या दिवशी भाव लागला २२५. वहिनींनी घेतली, कुणाला विचारायची गरज पडली नाही. दर ४०० ठेवला. तीनशेपैकी २८५ किलो खपलं, १५ किलो अंगावर राहिलं. खर्च १,११,०००, विक्री १,१४,०००. मजुरीचे ९,००० बायांना मिळून वर ३,००० उरले, शिवाय ते १५ किलो पुढे घरोघर गेलं. मोठी कमाई नाही म्हणाल तर नाही. पण कर्ज फिटलं, बाळंतपणाचे पैसे जागेवर आले, आणि वहिनींना कुणी एक शब्द बोललं नाही.

बैठकीत निम्मीच मिरची घ्यायची असंही एक मत होतं. तेही तपासून पाहावं. निम्म्या मालाला कर्ज कमी लागतं, व्याज वाचतं. पण गाडीभाडं आणि जागेचं भाडं निम्मं होत नाही. व्याज सोडून ठरलेला खर्च ६,६०० असेल, तर तीनशे किलोवर तो किलोमागे २२ पडतो आणि दीडशे किलोवर ४४. कमी माल म्हणजे कमी धोका, हे दर वेळी खरं नसतं.

तुम्ही म्हणाल, वहीवर एवढं छान होतं तर कंप्युटर कशाला? कारण बैठकीत कुणीतरी म्हणतेच, ‘अगं, कांडणावळ तर तीस झालीय’. मग तीसही घरं खोडून पुन्हा लिहायची. आकडे मांडायचं पहिलं गाजलेलं सॉफ्टवेअर अशाच त्रासातून आलं. डॅन ब्रिकलिन नावाचा तरुण अमेरिकेत हार्वर्डला धंद्याचं शिक्षण घेत होता. फळ्यावर मांडलेल्या हिशेबात एक आकडा बदलला की मागचे सगळे पुसून पुन्हा लिहावे लागत, ते पाहून त्याला वाटलं, फळ्यानेच आपोआप बदललं तर? त्याने आणि बॉब फ्रँकस्टनने मिळून १९७९ मध्ये व्हिसीकॅल्क काढलं. आज आपण एक्सेल वापरतो ते त्याच वाटेवरचं.

ग्रामपंचायतीच्या कंप्युटरवर किंवा मुलाच्या लॅपटॉपवर एक्सेल असेल तर असं करा. पहिल्या उभ्या रकान्यात, म्हणजे ए मध्ये, नावं लिहा. शेजारी बी मध्ये आकडे. बी-१ मध्ये मिरचीचा भाव २००. बी-२ मध्ये १.२. बी-३ कांडणावळ, बी-४ पिशवी वगैरे, बी-५ मजुरी, बी-६ विक्रीदर ३८०, बी-७ किलो ३००, बी-८ ठरलेला खर्च. आणि बी-९ मध्ये नफ्याचं सूत्र. बरोबरचं चिन्ह, मग कंसात बी-६ वजा बी-१ गुणिले बी-२ वजा बी-३ वजा बी-४ वजा बी-५, कंस पुरा, गुणिले बी-७, वजा बी-८. आम्ही सांगताना ‘बी-६’ म्हणतो, लिहिताना अक्षर आणि आकडा चिकटून लिहा. गुणाकाराला तारा. एंटर दाबलं की १२,००० दिसायला हवेत. सूत्रात २०० किंवा ३८० असे आकडे थेट लिहू नका, घरांची नावंच लिहा. आकडे थेट लिहिले तर पुढचं काहीच चालणार नाही.

आता तक्ता. डी-१ हे त्याचं कोपऱ्याचं घर. तिथे फक्त बरोबर बी-९ लिहा. त्याच्या उजवीकडे ई-१ पासून आय-१ पर्यंत विक्रीचे पाच दर. त्याच्या खाली डी-२ पासून डी-७ पर्यंत मिरचीचे सहा भाव. डी-१ पासून आय-७ पर्यंत सगळं माऊसने निवडा. वर ‘डेटा’ लिहिलंय तिथे जा, ‘व्हॉट-इफ ॲनालिसिस’ उघडा, त्यात ‘डेटा टेबल’ दाबा. एक छोटी चौकट येते आणि दोन गोष्टी विचारते. पहिली ‘रो इनपुट सेल’. रो म्हणजे आडवी ओळ. आपल्या आडव्या ओळीत विक्रीदर आहेत, म्हणून तिथे विक्रीदराचं घर द्या, बी-६. दुसरी ‘कॉलम इनपुट सेल’. कॉलम म्हणजे उभा रकाना. तिथे मिरचीच्या भावाचं घर, बी-१. ओके दाबलं की तीसही घरं एकदम भरतात.

सगळ्यात जास्त गोंधळ या दोन घरांचाच होतो. उलटसुलट दिली तरी कंप्युटर तक्रार करत नाही, गुपचूप चुकीचे आकडे भरतो. कारण तो बिचारा ३८० ला मिरची घेऊन २०० ला तिखट विकायला बसतो. म्हणून तक्ता झाला की आजच्या भावाचं घर आधी बघायचं. २०० आणि ३८० जिथे भेटतात तिथे १२,००० च असले पाहिजेत, बी-९ मध्ये आहेत तेवढेच. उलटं झालं असेल तर तिथे एक लाख सहा हजार आठशेचा तोटा दिसेल. पाहून घाबरू नका, घरं बदलून द्या.

आणखी दोन बारीक गोष्टी. भावांची ती दोन मूळ घरं आणि तक्ता एकाच पानावर हवेत, दुसऱ्या शीटवरचं घर एक्सेल घेत नाही. आणि तक्त्यातलं एखादंच घर खोडायला गेलात तर ते खोडू देणार नाही, आतला सगळा भाग मिळूनच पुसावा लागतो. बी-३ मध्ये ३० लिहून तक्ता हलला नाही, तर एफ-९ दाबा. काही कंप्युटरवर तक्ते सोडून बाकी सगळं आपोआप बदलेल अशी सोय लावलेली असते. लाल पेन्सिलीचं काम ‘कंडिशनल फॉरमॅटिंग’ करतं. शून्यापेक्षा कमी ते लाल, असं एकदा सांगून ठेवायचं.

लिबर ऑफिस फुकट मिळतं, त्यातल्या कॅल्कमध्येही हे होतं. तिथेही ‘डेटा’मध्येच जायचं, पण नाव ‘मल्टिपल ऑपरेशन्स’ आहे, आणि सूत्राचं घर वेगळं विचारतात, ते बी-९ द्यायचं.

मोबाईलवर गूगल शीट्स वापरणाऱ्या मुली आपल्या गटांत पुष्कळ आहेत. त्यात हे डेटा टेबलचं बटण नाही. तिथे डॉलरच्या चिन्हाने काम भागतं. डॉलर म्हणजे खुंटी. अक्षराच्या आधी डॉलर लावला की उभा रकाना खुंटीला बांधला, आकड्याच्या आधी लावला की आडवी ओळ बांधली. ई-२ या पहिल्या घरात नफ्याचंच सूत्र लिहायचं. पण विक्रीदरासाठी ई, डॉलर, एक असं लिहायचं, म्हणजे तो वरच्या ओळीतूनच उचलला जाईल. मिरचीच्या भावासाठी डॉलर, डी, दोन, म्हणजे तो डाव्या रकान्यातूनच येईल. बाकीच्या बी च्या घरांना अक्षर आणि आकडा दोन्हीकडे डॉलर. मग ते घर कॉपी करा, सगळी घरं निवडा आणि पेस्ट करा. ही रीत कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये चालते, आणि खरं सांगायचं तर आम्हाला हीच जास्त आवडते, कारण कुठल्याही घरावर बोट ठेवलं की आतला हिशेब वाचता येतो.

आता तक्त्यावर कुठे भरवसा ठेवायचा आणि कुठे नाही ते सांगतो. कोणतं घर खरं होण्याची शक्यता किती, हे तक्ता सांगत नाही. वरचा उजवा कोपरा बघा, ३८,४०० रुपये. मिरची १६० ला आणि तिखट ४२० ला. असं क्वचितच जुळतं, कारण मिरची स्वस्त झाली की शेजारच्या गावचा गटही दर उतरवतो. त्या कोपऱ्याकडे बघून कर्ज काढू नका. भाव किती खाली-वर धरायचे तेही मनाने ठरवू नका. मागच्या चार-पाच वर्षांच्या पावत्या काढा, सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त भाव घ्या, आणि त्यांच्या थोडं पलीकडेच थांबा. नुसत्या गेल्या वर्षावर जाऊ नका.

दुसरं, दर वाढवला की गिऱ्हाईक तेवढंच राहील असं तक्ता धरून चालतो. गिऱ्हाईक तसं नसतं. म्हणून दुसरा तक्ता करा. वर विक्रीदर, डावीकडे खपलेले किलो. मिरची २०० ची धरून तीनशे किलो केलं, त्यातलं जेवढं खपलं तेवढेच पैसे आले, असा हिशेब. सूत्र थोडं बदलतं. पैसे खपलेल्या किलोंचे, पण खर्च तीनशे किलोंचा, एकूण १,०२,०००. ३८० ने सगळं खपलं तर १२,००० नफा. ४०० केला आणि २८० किलोच खपलं, तर १०,०००. म्हणजे दर वाढवून नफा उतरला. ४०० ला निदान २८५ किलो खपलं तरच जुन्या नफ्याची बरोबरी होते. वीस रुपये वाढवून १५ किलोच्या वर गिऱ्हाईक तुटणार असेल, तर जुनाच दर बरा. आणि ३८० वरच ठेवून २६० किलो खपलं, तर ३,२०० तोटा. उधारीवर गेलेलं तिखट खपलेल्यात धरायचं की नाही, हे तुमच्या गावची उधारी कशी फिटते त्यावर ठरवा. आम्ही निम्मंच धरतो.

मागच्या कार्यक्रमानंतर एका ताईंनी फोन करून विचारलं होतं की कर्जाच्या हप्त्यालाही असा तक्ता होतो का. होतो, आणि तिथे तर कंप्युटरच बरा, कारण हप्ता एकसारखा चढत-उतरत नाही, ६,००० मिळवा नि ७,२०० वजा करा असं तिथे चालत नाही. एका घरात वर्षाचा व्याजदर, दुसऱ्यात महिने, तिसऱ्यात कर्ज. सूत्रात पीएमटी लिहायचं, कंसात व्याजदर भागिले १२, मग स्वल्पविराम, महिने, स्वल्पविराम, आणि कर्जाला वजा चिन्ह. वर आडवे महिने, डावीकडे उभे व्याजदर. एक लाखाचं कर्ज १२ टक्क्यांनी २४ महिन्यांत फेडलं तर हप्ता सुमारे ४,७०७ रुपये, ३६ महिन्यांत ३,३२१. १८ टक्क्यांनी २४ महिन्यांना ४,९९२, ३६ ला ३,६१५. मग प्रत्येक हप्त्याला महिन्यांनी गुणून बघा. १२ टक्क्यांनी तीन वर्षं फेडलं तर एकूण सुमारे १,१९,५७१ जातात, आणि १८ टक्क्यांनी दोन वर्षांत फेडलं तर १,१९,८१८. जवळजवळ तेवढेच. ‘कमी व्याजाचं कर्ज’ एवढं ऐकून सही करू नका, महिने किती तेही विचारा. पण लहान हप्ता नेहमीच वाईट असंही नाही. ज्या गटाकडे पैसा सणासुदीलाच येतो, त्याला ४,९९२ चा हप्ता श्रावणाआधीच बुडवेल.

तक्ता झाला की त्याची एक प्रत बैठकीच्या रजिस्टरमध्ये चिकटवा. खाली तारीख घाला, आणि कोणता भाव कुणी सांगितला, कुठल्या पावतीवरून घेतला, तेही लिहा. पुढच्या फाल्गुनात पुन्हा बैठक बसेल तेव्हा तो कागद उघडा आणि खरा भाव कोणत्या घरात पडला त्यावर गोल करा.